एक हेक्टर अंजीर

परिशिष्टरावांच्या अंजिराच्या पानावरचा पहिला पिवळा ठिपका कोणी पाहिला, यावर त्या घरात अजून एकमत नाही. बायकोचं म्हणणं, तिने तो पाहिला आणि त्याच दिवशी भांडी पुसता पुसता नवऱ्याच्या कानावर घातला. परिशिष्टरावांचं म्हणणं, असं काही कानावर आल्याची नोंद नाही. पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या दृष्टीने ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं, आणि बायकोच्या दृष्टीने तिने जे सांगितलं ते नवऱ्याने ऐकलेलंच असतं. अशा दोन भक्कम मतांच्या मधे सापडून तो ठिपका बिचारा पंधरा दिवस वाढत राहिला.

परिशिष्टराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. कार्यालयातल्या कनिष्ठ मंडळींनी ते ठेवलं होतं, कारण अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज करायचा तरी त्यांना एक मूळ मजकूर, दोन तळटिपा आणि मागे एक परिशिष्ट लागायचं. निवृत्तीच्या समारंभात भाषण करताना एकाच्या तोंडून ते नाव निसटलं, पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने ते टिपलं, आणि हारतुऱ्यांबरोबर तेही घरी आलं.

झाड मागच्या अंगणात होतं. अंगण म्हणजे न्हाणीघराची खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली जागा. तीन वर्षांपूर्वी विहीणबाईंनी, म्हणजे मुलीच्या सासूबाईंनी, ओल्या फडक्यात गुंडाळून एक वीतभर फांदी दिली होती. मुलगी आणि जावई नोकरीसाठी समुद्रापलीकडे निघून गेल्यावर दोन्ही घरांना एकमेकांशी बोलायला ती फांदी हा एकमेव निर्विवाद विषय उरला होता. विहीणबाई दुसऱ्या गावी एकट्या राहायच्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, आणि आधी झाडाची, मग परिशिष्टरावांच्या रक्तदाबाची चौकशी व्हायची. हा क्रम परिशिष्टरावांना थोडा खटकायचा, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

फांदीचं झाड झालं, झाड भिंतीच्या वर गेलं, आणि परिशिष्टरावांच्या अंगात एक प्रकारचं औदार्य संचारलं. गल्लीतल्या अकरा घरांना त्यांनी आपल्या हाताने फांद्या वाटल्या. प्रत्येक फांदीबरोबर लागवडीच्या सूचनांचा एक कागद होता, आणि कागदाला, अर्थातच, परिशिष्ट.

तर अशा झाडाच्या पानांवर पिवळे ठिपके पडले. नुसते ठिपके नव्हेत. हिरव्या पानावर कोणीतरी पातळ पिवळा रंग शिंपडून तो पसरू द्यावा, तशी ती नक्षी होती. काही पानं वाकडी निघत होती. त्यातच विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या गुडघ्यासाठी इथल्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती. तीन आठवड्यांनी त्या येणार होत्या, आठ दिवस राहणार होत्या, आणि झाडाला पाहायची त्यांना फार इच्छा होती. परिशिष्टरावांनी झाड उत्तम असल्याचं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मागच्या दारी जाऊन पहिल्यांदा नीट पाहिलं.

सल्ले मागायची वेळ आलीच नाही. माणूस अंगणात पानं उलटीपालटी करत उभा राहिला की सल्ले आपोआप भिंतीवरून येतात. सर्वांत आधी आली ती भिंतीपलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची मान. झाडाला पाणी जास्त होतंय, असं त्यांनी निदान केलं. नवशिका माणूस जसा क्लच दाबून धरतो, सोडतच नाही, तसं तुमचं पाण्याचं झालंय, असं ते म्हणाले. त्यानंतर समोरचे दाताचे डॉक्टर आले. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, उलटं केलं, नखाने टोकरलं, आणि सवयीने परिशिष्टरावांना विचारलं, हे कधीपासून आहे आणि थंड पाण्याने वाढतं का. वाढतं म्हणावं की नाही हे न कळल्यामुळे परिशिष्टराव 'कधी कधी' असं म्हणाले. डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली आणि वाईट असेल तेवढं उपटून टाकलेलं बरं, असं सांगून ते दवाखान्यात गेले. बाकी गल्लीने राख सुचवली, साबणाचं पाणी सुचवलं, पाणी घातलेलं दूध सुचवलं. ज्यांच्या घरी आयुष्यात एक कुंडीसुद्धा जगली नव्हती, त्यांचे सल्ले विशेष ठाम होते.

परिशिष्टरावांनी एक वही केली. तारीख, सल्लागार, उपाय, निष्पत्ती असे चार रकाने आखले. प्रत्येक उपायाला त्यांनी ठरावीक मुदत दिली, म्हणजे कोणावर अन्याय नको. राखेच्या दिवशी वारा सुटला आणि राख स्वयंपाकघरात गेली. दुधाच्या दिवशी चार मांजरं आली आणि मुदत संपली तरी गेली नाहीत. निष्पत्तीच्या रकान्यात सगळीकडे 'प्रतीक्षा' असा शब्द पडत गेला.

दहाव्या दिवशी बायकोने पांढरी चादर वाळत घातली. ती झाडाला घासली, आणि काढायला गेली तेव्हा चादरीवर नारिंगी पट्टे उठलेले. परिशिष्टरावांनी पान उलटून पाहिलं. खालच्या बाजूला बारीक बारीक पुरळ, आणि बोट फिरवलं की बोटाला हळदीहून गडद अशी पूड. वरून पिवळी नक्षी, खालून नारिंगी भुकटी. दोन दिवसांत पानं गळायला लागली. झाड हा आता त्यांच्या सन्मानाचा प्रश्न झाला होता.

औषधांच्या दुकानदाराने पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. तांबेरा म्हणाला. बुरशी असते, पावसाळी हवेत उठते, मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारा. त्याने अर्ध्या किलोची दोन पुडकी पुढे केली. पुडक्यावर लिहिलेलं प्रमाण पन्नास लिटर पाण्याचं होतं. दहाव्या हिश्श्याने मिश्रण करता आलं असतं, असं कोणीही म्हणेल. पण छापील सूचनेत परस्पर फेरफार करणं हे परिशिष्टरावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी प्लास्टिकचं पिंप आणलं आणि पन्नास लिटर मिश्रण तयार केलं. आकाशाचा एक तुकडा पिंपात उतरल्यासारखा सुंदर निळा रंग आला. ते पाहून त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच आपण काही उपयोगी काम करतोय असं वाटलं. मग त्यांनी सूचनेची शेवटची ओळ वाचली. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.

एका झाडाला पन्नास लिटर म्हणजे काय, याचा अंदाज ज्याने फवारलंय त्यालाच येईल. पाच लिटरमध्ये झाड वरपासून खालपर्यंत निळं झालं. दहा लिटरमध्ये न्हाणीघराची खिडकी झाली. पुढे परिशिष्टराव स्टुलावर चढले आणि शेंड्यावर धार धरली, आणि राखेच्या दिवशी जो वारा सुटला होता तो, कोणास ठाऊक कुठून, परत आला. भिंतीपलीकडे ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी उभी होती. शिकाऊ असल्याचं तिच्यावर पुढे, मागे आणि छपरावर लिहिलेलं होतं. आता ती शिकाऊ आहे आणि तिला गोवरही झालाय, असं दिसायला लागलं.

ड्रायव्हिंग स्कूलवाले चिडले नाहीत, आणि तेच परिशिष्टरावांना जास्त लागलं. त्यांनी फक्त घड्याळ दाखवून अर्ध्या तासाने एका बाईंची परीक्षा असल्याचं सांगितलं. पाणीपुरवठा कार्यालयाचे माजी अधीक्षक भर रस्त्यात, बादली आणि फडकं घेऊन, दुसऱ्याची गाडी धूत होते, आणि परीक्षेला निघालेल्या बाई शेजारी उभ्या राहून त्यांना आरशामागे राहिलंय, चाकाजवळ राहिलंय, असं दाखवत होत्या. छपरावरचे ठिपके शेवटपर्यंत निघाले नाहीत. बाई पास झाल्या, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसाने हात जोडले असते. पण विहीणबाई यायला चार दिवस उरले होते. परिशिष्टरावांनी कुठेतरी वाचलं की रोगट फांद्या छाटाव्यात. भर दुपारी, बंडीवर, उघड्या हातांनी त्यांनी छाटणी केली. फांदी कापली की पांढरा चीक येतो. तो हातावर ओघळला, त्यांनी तो दंडाला पुसला, दंड कपाळाला पुसला, आणि वर ऊन होतं. संध्याकाळी चीक लागला होता तिथे तिथे आग व्हायला लागली. सकाळी फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, अंजिराचा चीक लावून उन्हात उभं राहायचा सल्ला कोणी दिला. या वेळी मात्र वहीत सल्लागाराच्या रकान्यात लिहायला कोणाचंच नाव नव्हतं.

विहीणबाई उतरल्या तेव्हा दारात परिशिष्टराव दोन्ही हातांना पट्ट्या आणि कपाळाला मलम लावून उभे होते. मागे खराट्यासारखं झाड उभं होतं, निळसर. विहीणबाई काठी टेकत आधी झाडापर्यंत गेल्या, मग परत आल्या.

"तब्येत दोघांचीही सारखीच दिसतेय," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस त्या विशेष काही बोलल्या नाहीत. फक्त चहा घेताना, जेवताना, गुडघ्याला तेल लावताना आणि फोनवर मुलाशी बोलताना, आपण फांदी दिली तेव्हा ती कशी टवटवीत होती एवढंच त्या सांगत राहिल्या. बारा वर्षांत आपल्या झाडाला एक रोग नाही. फक्त पाणी घालायचं आणि लक्ष द्यायचं. लक्ष हा शब्द त्या थोडा लांबवून म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी छाटलेल्या ठिकाणी नवी पानं दिसली. निम्मी हिरवी आणि निम्मी पिवळी, तीच जुनी नक्षी. परिशिष्टरावांचा चेहरा उतरला. विहीणबाईंचा मात्र फुलला. आता कसं ओळखीचं दिसतंय, असं त्या म्हणाल्या. ही पिवळी नक्षी म्हणजे त्या झाडाची जात. असं चितारलेलं पान दुसरीकडे मिळायचं नाही. खालची नारिंगी पूड हा रोग खरा, आणि तो व्याह्यांच्या हातचा.

आता प्रश्न सरळ झाला. पिवळी नक्षी हा रोग आहे की खानदान? रोग असेल तर तो कुठून आला, हा पुढचा प्रश्न परिशिष्टरावांनी अजून मोठ्याने विचारला नव्हता, पण वहीच्या मागच्या पानावर त्यांनी त्याचे तीन मसुदे करून ठेवले होते. तिसरा फारच चांगला उतरला होता. त्यात एकही कठोर शब्द नव्हता आणि तरी विहीणबाईंना जन्मभर पुरला असता.

निर्णय अधिकृत हवा म्हणून ते पान घेऊन वनस्पती रोगनिदान कार्यालयात गेले. पहिल्या दिवशी पान प्लास्टिकच्या पिशवीत होतं. खिडकीवरच्या कारकुनाने पिशवी उचलली तेव्हा आत चटणी झालेली होती. पान कोरडं, वर्तमानपत्राच्या घडीत आणावं, असं त्याने भिंतीवरची पाटी दाखवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी परिशिष्टराव घडीत पान घेऊन गेले, आणि अर्जाचा सातवा रकाना आडवा आला. बाधित क्षेत्र, हेक्टरमध्ये. त्यांनी घरून निघतानाच झाडाची सावली टेपने मोजली होती. चार चौरस मीटर. त्यांनी सुवाच्य अक्षरात शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य चार असं लिहिलं. कारकुनाने ते यंत्रात भरलं. यंत्र दशांशानंतर दोनच अंक घेत होतं.

"क्षेत्र शून्य येतंय," कारकून म्हणाला. "शून्य क्षेत्रावर रोग कसा असेल?"

याच चालीची वाक्यं परिशिष्टरावांनी खिडकीच्या आतल्या बाजूने एकतीस वर्षं अनेकांना ऐकवली होती. बाहेरच्या बाजूने ती कशी लागतात, हे त्यांना आज समजलं. कारकून मनाने चांगला होता. त्याने आवाज खाली आणून सांगितलं, एक टाका, म्हणजे अर्ज पुढे सरकेल, कोण बघतंय. परिशिष्टरावांनी पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं, बाहेर जाऊन पाणी पिऊन आले, आणि एक लिहिलं. सेवाकाळात त्यांनी एकाही कागदावर खोटा आकडा टाकला नव्हता. आता टाकला तोही अंजिरासाठी. परतीच्या वाटेवर रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडे पाहतोय असं त्यांना वाटत होतं. कपाळाला मलम होतं, त्यामुळे खरोखरच बरेचजण पाहत होते.

कोणी बघत नाही हे कारकुनाचं मत चुकीचं निघालं. एक हेक्टर अंजिरावर अज्ञात रोग म्हणजे साथ. तिसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर सरकारी जीप थांबली. तिच्यातून रोगनिदान अधिकारी बाई उतरल्या, तिशीच्या आतल्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या. मागून दोन साहाय्यक, मोजणीची साखळी आणि 'प्रवेश बंद' लिहिलेल्या पट्टीची दोन मोठी रिळं घेऊन. गल्ली बाहेर आली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची मान भिंतीवर आली. विहीणबाई काठी घेऊन, परिशिष्टरावांची बायको हात पुसत, मागच्या दारी आल्या.

अधिकारी बाईंनी न्हाणीघराची खिडकी पाहिली, भिंत पाहिली, आणि मधलं झाड पाहिलं.

"बाकीची बाग कुठंय?"

"हीच," परिशिष्टराव म्हणाले.

"एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, काका."

"मला कल्पना आहे," परिशिष्टराव म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच पुढे कोणतंही परिशिष्ट जोडलं नाही.

साहाय्यकांनी साखळी खाली ठेवली. मग अधिकारी बाईंनी आलोच आहोत तर बघू, असं म्हणून खिशातून भिंग काढलं, आणि परिशिष्टरावांना त्या क्षणी ती मुलगी स्वतःच्या मुलीइतकी जवळची वाटली. त्यांनी पानं पाहिली, खालची पूड पाहिली, जमिनीवर कुजत पडलेली जुनी पानं पायाने सारून पाहिली. इथे रोग दोन आहेत, असं त्यांनी सांगितलं. नारिंगी पूड म्हणजे तांबेरा, बुरशी. त्याचं एवढं काही नाही. गळलेली पानं रोजच्या रोज गोळा करून टाकायची, झाडावर वरून पाणी मारायचं नाही, मधे हवा खेळू द्यायची, आणि निळं औषध मारायचं ते रोग दिसायच्या आधी, आणि जरा बेताने. हे शेवटचं त्या न्हाणीघराच्या खिडकीकडे पाहत बोलल्या. पिवळी नक्षी ही मात्र वेगळी गोष्ट. तो विषाणू. त्यावर औषध नाही. डोळ्यांना न दिसणारे कोळी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, पण जास्त करून तो फांदीतूनच येतो.

"अहो, तो विषाणू नाही," विहीणबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "ती जातच तशी आहे. आमच्या घरच्या झाडाची पानं बारा वर्षं अशीच आहेत."

"मग तुमच्या झाडालाही आहे," अधिकारी बाई म्हणाल्या.

भिंतीवरची मान थोडी खाली गेली. विहीणबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. परिशिष्टरावांच्या वहीतला तिसरा मसुदा, ज्याच्यासाठी त्यांनी दोन फेऱ्या मारल्या होत्या, एक खोटा आकडा लिहिला होता आणि सरकारी जीप दारात आणली होती, तो आता मोठ्याने म्हणायचाच काय तो बाकी होता. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या झाडाकडे पाहत होत्या. तेवढ्या वेळात त्या पाच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या.

अधिकारी बाईंनी पंचनाम्याचा कागद पुढे केला. रोपाचा स्रोत, असा एक रकाना होता. परिशिष्टरावांनी पेन घेतलं आणि, हेक्टरच्या वेळी लागला होता त्याच्या शतांश वेळात, तिथे 'अज्ञात' असं लिहिलं. अधिकारी बाईंनी ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि खाली सही केली. झाड काढून टाकायची गरज नाही, असं जाता जाता त्यांनी सांगितलं. नीट खतपाणी मिळालं तर असं झाड वर्षानुवर्षं जगतं, फळही देतं, आणि ते फळ खायला काही हरकत नाही. फक्त या झाडाची एकही फांदी बाहेर जाता कामा नये.

"आत्तापर्यंत कोणाला दिली नाही ना?" त्यांनी विचारलं.

"अकरा," परिशिष्टरावांची बायको म्हणाली, आणि घरं कोणती तेही क्रमाने सांगितलं.

त्या दिवशी विहीणबाई जेवल्या कमी आणि बोलल्या त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी परिशिष्टराव चहा घेऊन बाहेर येतात तो त्या चपला घालून, गुडघ्याला पट्टा बांधून, दारात तयार. अकरा घरं आहेत, उन्हाच्या आत उरकू, असं त्यांनी सांगितलं. गुडघ्याचं काय, असं परिशिष्टरावांनी विचारलं, तर डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय म्हणाल्या.

पंचनाम्यात काहीही लिहिलेलं असो, प्रत्येक दारात विहीणबाई पहिलं वाक्य तेच बोलायच्या. हे झाड मूळचं माझ्याकडचं, रोगही माझ्याकडचा, यांचा दोष नाही. परिशिष्टराव मागे उभे राहून चोरट्यासारखे पायाच्या बोटांकडे पाहायचे. स्वतःची बाजू कोणीतरी इतकी स्वच्छ मांडतंय याची त्यांना सवय नव्हती. पहिल्या तीन घरी लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. चौथ्या घरी झाड कधीच मेलं होतं आणि परिशिष्टरावांना वाईट वाटू नये म्हणून त्या कुंडीत दुसरंच काहीतरी लावून ठेवलं होतं. दाताच्या डॉक्टरांनी आपली कुंडी दवाखान्यात, बाकांच्या मधे ठेवली होती. पिवळ्या नक्षीच्या पानांचं पेशंट फार कौतुक करतात, ठणका विसरतात, असं ते म्हणाले. त्याला रोग आहे हे ऐकून त्यांनी थोडा विचार केला, आणि हे पेशंटना कळायला नको, एवढंच त्यांनी सांगितलं.

शेवटचं घर ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचं. त्यांनी सगळं भिंतीवरून आधीच ऐकलं होतं, तरी पुन्हा ऐकून घेतलं, आणि मान खाजवत एक अडचण सांगितली. जो कोणी परीक्षा पास होतो त्याला ते शाळेची आठवण म्हणून आपल्या झाडाची एक फांदी देत असत.

"आजवर किती पास झाले?" विहीणबाईंनी विचारलं.

"तेवीस."

"बरं झालं, तुम्ही याहून चांगलं शिकवत नाही," त्या म्हणाल्या, आणि यादी मागून घेतली.

तेवीस पत्ते शहरभर पसरलेले होते. पुढचे तीन दिवस त्याच शिकाऊ गाडीतून, निळ्या ठिपक्यांच्या छपराखाली बसून, विहीणबाई आणि परिशिष्टराव फिरले. गाडी अर्थात शिकाऊ मंडळीच चालवत होती. एका चौकात गाडी मधोमध बंद पडली, मागे भोंगे वाजत राहिले, आणि चालवणारी मुलगी रडकुंडीला आली. ती गाडी पुन्हा सुरू करेपर्यंत मागच्या सीटवर विहीणबाई, पुढे कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला लागल्या. झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. लावलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. विहीणबाईंनी स्वतः त्याआधी कधी अंजिराचं पान पाहिलं नव्हतं, म्हणून सगळी पानं अशीच असतात असं त्या धरून चालल्या. नंतर कुठेतरी साधं हिरवं पान दिसलं तेव्हा आपलंच झाड खास, असं वाटलं. सांगायलाही बरं वाटायचं. घरी आलेल्या प्रत्येकाला जाताना फांदी द्यायची, हा त्यांचा नियम झाला होता.

"घरी गेल्यावर तोडून टाकू का?" त्यांनी विचारलं.

परिशिष्टरावांना एरवी अशा प्रश्नावर दोन्ही बाजू मांडायची सवय होती. मागचे भोंगे वाढत होते.

"जगतंय, फळ देतंय. राहू दे," ते म्हणाले. "फक्त फांदी कोणाला देऊ नका."

"मग कोणी आलं तर हातात काय द्यायचं?"

गाडी एक आचका देऊन सुरू झाली, आणि परिशिष्टरावांनी यादीतला पुढचा पत्ता वाचून दाखवला.

विहीणबाई आठ दिवसांच्या ऐवजी अकरा दिवस राहिल्या आणि गेल्या. परिशिष्टराव रोज सकाळी खाली पडलेली पानं वेचायला लागले. वाकून वेचायचं, पिशवीत भरायचं, पिशवीचं तोंड बांधायचं. कंबर धरायची, पण त्याची त्यांनी कुठे नोंद केली नाही. तांबेरा हळूहळू आटोक्यात आला. पिवळी नक्षी राहिली. त्या मोसमात झाडाला फळ धरलं नाही, आणि एवढं सोसल्यावर कोणत्या झाडाने धरलं असतं.

काही महिन्यांनी एक पार्सल आलं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर विहीणबाईंचं टपोरं अक्षर. एका दिवसात पोचणारं पार्सल पाच दिवस कुठे कुठे फिरून आलं होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून काहीतरी गळत होतं. आत वर्तमानपत्राच्या कपट्यांत एकेक करून गुंडाळलेली अंजिरं होती, म्हणजे निघताना असावीत. आता त्यांचा आणि वर्तमानपत्राचा एकच लगदा झाला होता. त्याला दारूसारखा वास सुटला होता. वर एक चिठ्ठी चिकटून बसली होती. फांदी पाठवलेली नाही, फक्त फळं आहेत, असं तिच्यात लिहिलं होतं.

बायकोने चमच्याने शोधून शोधून तीन शाबूत फळं काढली. दोघांनी दीड दीड खाल्लं. फळ गोड होतं. इतकं गोड असेल असं परिशिष्टरावांना वाटलं नव्हतं, आणि ते काही वेळ तोंडातला घास गिळायला विसरले.

तेवढ्यात फोन वाजला. आज रविवार नव्हता.

"नीट पोचली का हो?" विहीणबाईंनी विचारलं. झाडाबद्दल नाही, रक्तदाबाबद्दल नाही, सुरुवातच तिथून.

परिशिष्टरावांनी खोक्याकडे पाहिलं. टेबलावरून रस खाली ओघळत होता, आणि मुंग्यांना कोणीतरी कळवलं असावं, कारण त्या ओळीने यायला लागल्या होत्या.

"आत्ताच झाडावरून काढल्यासारखी," ते म्हणाले.



"मग पुढच्या वेळी मोठं खोकं पाठवते," विहीणबाई म्हणाल्या.

परिशिष्टरावांनी त्यांचे मनापासून आभार मानले, आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले, कारण बायको फडकं घेऊन त्यांच्या खालची फरशी पुसायला आली होती.